पेडणेकर आणि डोरलीवरचा हळद्या

पेडणेकरांशी माझी ओळख एका चापटीने झाली, आणि ती चापट मी मारली.

मुलुंडच्या कॉलनीत आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी ऑफिसातून येत होतो. जिन्याच्या पहिल्या वळणावर, दिव्याखाली, एक उंच गृहस्थ उभे होते. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. डावा हात पुढे धरलेला, कासाराकडे बांगड्या भरायला बसल्यासारखा, आणि श्वास रोखलेला. मला वाटलं, अटॅक-बिटॅक आला. जवळ जाऊन बघतो तर मनगटापाशी बाहीवर जिऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी तपकिरी फिरत होतं. नवे शेजारी, पहिलीच भेट, छाप पडायला हवी. "थांबा हं," म्हणत मी पुढे झालो आणि त्यांच्या बाहीवर सणसणीत चापट मारली.

"गेला," मी अभिमानाने म्हणालो.

गृहस्थांनी बाहीकडे पाहिलं. तिथे आता चिमूटभर भुकटी होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गिरकी घेत होता रे तो," ते हळू आवाजात म्हणाले. "गिरकी! केव्हापासून उभा आहे मी हात धरून." मग एक सुस्कारा. "नाव काय?"

"दामले. दुसऱ्या मजल्यावर नवीन आलोय."

"गाव खंयचा?"

"वाई."

"खातंस काय?"

अशा प्रसंगी माणूस खरं बोलतो. "पोळी-भाजी," मी म्हणालो.

"वाईचो. पोळी-भाजी खाता," त्यांनी मान डोलावली, माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून कापड चोळून पाहिलं आणि ते वर निघून गेले. ते आमच्या समोरच्याच दारात शिरले, तेव्हा मला कळलं की या चापटीबरोबर आयुष्य काढायचं आहे.

पुढे उलगडा झाला. काय खातो आणि गाव कुठलं, हे दोन प्रश्न ते मूळ पतंगांना विचारत. माणसांना सवयीने विचारले जात. "नावात काय ठेवलंय?" ते म्हणत. "खाणं आणि गाव कळलं की माणूस कळला. किडाही कळला."

आमच्या इमारतीत दोन पेडणेकर. एक बँकेत होते, ते बँक-पेडणेकर. हे किडे-पेडणेकर. या नावाचा त्यांना राग नव्हता, उलट पोस्टमनला ते स्वतःच सांगत, "किड्यांचं पत्र असेल तर इकडे, पैशांचं असेल तर तिकडे." मूळचे वेंगुर्ल्याचे. परळच्या एका मिलमध्ये कापूस पारखायचं काम करत. गासडीतून चिमूटभर कापूस उपटायचा, दोन अंगठ्यांमध्ये ओढून त्याचा धागा किती लांब ते बघायचं, आणि गासडी पास की नापास ते सांगायचं. त्या कामातच एकदा, चुकून राहिलेल्या सरकीत त्यांना एक गुलाबी अळी सापडली. दुसऱ्या कुणी ती फेकली असती. पेडणेकरांनी डबीत घालून घरी आणली. "त्या दिवसापासून," पेडणेकरवैनी सांगत, "माझ्या घरात भाजी निवडताना आधी ह्यांना विचारावं लागतं."

ती अळी पुढे पतंग झाली, आणि पेडणेकर त्या घराण्याच्या मागे लागले ते लागलेच. मोठ्या रंगीत फुलपाखरांत त्यांना रस नव्हता. "ती काय, कॅलेंडरावर पण दिसतात." यांचं प्रेम जिऱ्याएवढ्या, तांदळाएवढ्या, मातकट पतंगांवर. इंग्रजीत या घराण्याला काय म्हणतात ते त्यांनी मला अनेकदा सांगितलं आणि मी अनेकदा विसरलो. त्यांनी स्वतः नाव ठेवलं होतं गिरकीवाले. यातले काही पानावर उतरले की जागच्या जागी गोल गोल फिरतात. सगळे फिरत नाहीत, पण घरात एक नाचरा निघाला की साऱ्या घराण्याला तेच नाव पडतं. मिलमध्ये धागे मोजायला वापरतात ते घडीचं भिंग ते सदैव खिशात ठेवत. त्यातून त्यांनी एकदा मला एक पतंग दाखवला. उघड्या डोळ्यांना राखेचा कण वाटत होता, तो भिंगाखाली थेट पोळ्याचा बैल निघाला. डोक्यावर वर वळलेली दोन ऐटबाज शिंगं आणि पंखांना मागे रेशमी झालर.

"शिंगं नव्हेत ती, ओठांचे भाग आहेत," पेडणेकर म्हणाले. मला शिंगंच आवडली होती. मी अजूनही शिंगंच म्हणतो.

पेडणेकरांसोबत बाजारात जाणं हा एक सोहळा असे. भाजीवाल्याकडे लोक चांगली भेंडी निवडत, हे किडकी निवडत. सुरुवातीला भाजीवाला खूश झाला, किडका माल जातोय म्हणून. मग त्याला यातली गोम कळली आणि त्याने किडकी भेंडी वेगळी काढून ठेवायला सुरुवात केली, चांगल्या भेंडीच्याच भावात. "स्पेशल आहे साहेब, आतमध्ये गॅरंटीने किडा." पेडणेकर भेंडी उघडून बघत आणि गंभीरपणे म्हणत, "छे, हा दुसराच. हा नको."

त्यांचा महाराष्ट्राचा नकाशाच वेगळा होता. माझे एक आतेभाऊ जळगावहून आले, तर पेडणेकर लगेच, "जळगाव? म्हणजे कापूस. तुमच्याकडे गुलाबी फार." घोलवड म्हटलं की चिकूच्या कळीतली अळी. मंचर म्हटलं की बटाट्यातली. "पण ती आपली नव्हे हं. ती बोटीतून आली, बटाट्याच्या बरोबर. बटाटापण आपला नव्हे." जळगावचे आतेभाऊ नंतर मला म्हणाले, "तुझा शेजारी मला जळगावचा म्हणून ओळखेल की किड्याचा?" मी म्हटलं, किड्याचा. तेच जास्त पक्कं.

आमच्या आईचं आणि त्यांचं मात्र सुरुवातीला बिनसलं. तो दोष ज्वारीचा. एकदा आईने त्यांना भाकरी-पिठलं खायला बोलावलं होतं. वैनीही होत्या. जेवण झालं, हात धुवायला पेडणेकर आत गेले ते बाहेर येईनात. बघतो तर ते आमच्या ज्वारीच्या डब्यात डोकं घालून बसलेले. बाहेर आले तेव्हा चेहरा आनंदाने फुललेला.

"काकू," ते म्हणाले, "तुमच्या ज्वारीत फार सुंदर पतंग आहेत."

आमच्या आईला तिच्या आयुष्यात कुणी इतका मोठा अपमान इतक्या कौतुकाने ऐकवला नव्हता. "माझ्या डब्यात? माझ्या?"

"दाण्याच्या आत राहतात ते. ज्वारी खंयसून इली, काकू? बार्शी?"

"बार्शीच," आई म्हणाली, "आणि किडे तुमच्याबरोबर आले असतील, समोरून!"

वैनींनी मधे पडून तो तंटा मिटवला, पण आईने महिनाभर त्यांचं नाव 'तो समोरचा' असं घेतलं. ज्वारी मात्र दुसऱ्याच दिवशी गच्चीत उन्हात पडली.

आता हळद्याची गोष्ट सांगतो. पेडणेकरांची म्हणजे तीच खरी गोष्ट.

आमच्या जिन्याच्या भिंतीवर, दिव्यापाशी, दर पावसाळ्यात एक पतंग येई. राखाडी, आणि दोन्ही पंखांवर हळदीच्या बोटाने टेकवल्यासारखा एकेक ठिपका. पेडणेकर त्याला हळद्या म्हणत. त्याचं खाणं कळेना. पेडणेकरांनी शेवटी एक हळद्या टाचणीवर लावून, डबीत घालून, शहरातल्या एका जाणकार साहेबांना नेऊन दाखवला. त्या साहेबांचा या विषयात शब्द अखेरचा होता. परत आले तेव्हा मी जिन्यातच भेटलो.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हा इथला नाही. दक्षिणेतला. भाजीच्या ट्रकातून आला असेल."

"पण दर वर्षी येतो ना?"

"तेच सांगितलं. तर म्हणाले, ट्रकसुद्धा दर वर्षी येतात. भिंत कुणी खात नाही, पेडणेकर. झाड दाखवा, अळी दाखवा, मग मी लिहितो मुलुंड." ते थोडा वेळ दिव्याकडे बघत राहिले. "बरोबर आहे त्यांचं. भिंतीवर दिसलेला पतंग म्हणजे फलाटावर दिसलेला माणूस. घर खंय, ते त्याच्यावरून कळत नाही. पण उपरा नाय रे तो, दामले. मी सांगतो तुका."

त्या दिवसापासून हळद्याला मुलुंडचा रहिवासी ठरवणं हे पेडणेकरांचं जीवितकार्य झालं. वैनी म्हणायच्या, "ह्यांना कुणी कुठे राहता विचारलं तर अजून वेंगुर्ला सांगतात. पतंगाला मात्र मुलुंडचं रेशनकार्ड पाहिजे."

अडचण गुडघ्यांची होती. मुलुंडच्या मागे एवढा डोंगर, झाडाझुडपांनी भरलेला. हळद्याचं झाड तिथेच असणार, असं पेडणेकरांचं ठाम मत. पण त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. जिना चढतानाही ते प्रत्येक पायरीशी वाटाघाट करत. मला एकदा डोंगरात पाठवलं त्यांनी. मी सकाळभर फिरून पिशवीभर पाला आणला. त्यात अळी एकही नव्हती, आणि मला मात्र अंगभर खाजकुइली लागली होती. "तू पोळी-भाजी खा," पेडणेकर म्हणाले, आणि विषय संपला.

मग त्यांना युक्ती सुचली. डोंगरावर आपल्याला जाता येत नाही, पण डोंगर वर्षातून एकदा आपल्याकडे येतो. भाद्रपदात पत्री येते ना! आघाडा, माका, डोरली, शमी, धोतरा, विष्णुक्रांत... टोपल्या भरभरून रानातली झाडं दारात येतात. त्या पाल्याबरोबर एखादी अळी येणारच. विसर्जनाच्या वेळी सगळ्या घरांतली पत्री गोळा करायची, काचेखाली ठेवायची आणि पतंग निघायची वाट बघायची.

काचेखाली म्हणजे कंदिलाच्या काचेखाली. कॉलनीत वीज आल्यावर लोकांनी कंदील टाकून दिले होते, त्यांच्या काचा पेडणेकरांनी जमवल्या होत्या. कुंडीतल्या ओल्या मातीत डहाळी खोचायची, वरून काच ठेवायची, काचेच्या तोंडाला मलमलचा तुकडा बांधायचा. त्यांची गॅलरी अशा काचांनी भरलेली असे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथे बाराही महिने दिवाळी आहे आणि रॉकेल संपलंय.

पण निर्माल्य मागणार कोण? आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. पेडणेकर दारात उभे राहिले आणि आईला म्हणाले, "काकू, पूजेची पत्री मला द्याल?"

"देवाचं निर्माल्य तुमच्या किड्यांना?"

"तलावात टाकता तेव्हा मासे खातात. ते चालतं?"

"मासे तुम्ही खाता, म्हणून तुम्हाला त्यांचं बरोबर माहीत." आईने पदर खोचला. "विसर्जन झाल्याशिवाय पान मिळायचं नाही. बादलीत बुडवून देते, मग न्या."

पेडणेकरांचा चेहरा पडला. "काकू, बुडवलं तर मरतील ती आत!"

आता आईची पंचाईत झाली. गणपतीच्या दिवशी, देवाच्या पानांवर, जीवहत्या! तिने थोडा विचार केला, आतून पळी आणली, पत्रीवर एक पळी पाणी शिंपडलं, हात जोडले आणि जाहीर केलं, "झालं विसर्जन. घ्या." पुढे सगळ्या इमारतीने हाच तोडगा घेतला. बँक-पेडणेकरांच्या मंडळींनी विचारलंसुद्धा, पळी चांदीची लागते का.

असं लागोपाठ काही वर्षं चाललं. दर भाद्रपदात पेडणेकर घरोघर फिरून पत्री आणत, काचेखाली लावत, रोज भिंग घेऊन बसत. पत्री पिवळी पडे, मग काळी, मग वास मारू लागे. पतंग काही निघेना. एखादी गोगलगाय निघे. जिन्यात हळद्या मात्र मजेत येऊन बसत होता, कुठूनतरी जेवून.

एका श्रावणात पेडणेकर आमच्याकडे चहाला आले ते गप्प गप्प. बरोबर टाचणीवरल्या हळद्याची डबी होती.

"दामले," ते म्हणाले, "साहेब बरोबर असतील रे."

"म्हणजे?"

"ट्रकातून आला असेल. एवढी वर्षं एवढी पानं बघितली. एक अळी नाही. यंदा नाही मागत पत्री. काकूंची पळी वाचली." त्यांनी डबीचं झाकण लावलं. ती डबी ते परत करायला निघालेल्या उसन्या वस्तूसारखी धरून बसले होते. पेडणेकरांच्या आरडाओरड्याची मला सवय होती. हे असं सौम्य बोलणं मला झेपेना. मी काहीतरी दिलासा द्यायला गेलो आणि म्हणालो, "जाऊ द्या हो, दुसरा एखादा पतंग बघा." बायको मेलेल्याला दुसरं स्थळ सुचवावं तसं ते झालं.

तेवढ्यात आमची सौ., नलिनी, चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता तिने सहज विचारलं, "पण काका, तुम्ही बघता ती पत्री पूजा झाल्यानंतरची ना?"

"हो."

"मग त्यात कशी असेल अळी?"

"म्हणजे?"

"अहो, किडलेलं पान देवाला कोण वाहतं? आदल्या दिवशी निवडताना आम्ही काढूनच टाकतो. खाल्लेलं, गुंडाळलेलं, भोकं पडलेलं, सगळं. अख्खं पान तेवढं तबकात."

पेडणेकरांच्या हातातली बशी तशीच राहिली. "टाकता? खंय टाकता?"

"कचऱ्यात."

समोरचं दार उघडंच होतं. पेडणेकर तिथूनच ओरडले, "अगो! ऐकलंस? तू हरताळकेची पत्री निवडतंस तेव्हा किडकी पानं काय करतंस?"

"फेकते!" आतून वैनींचा आवाज आला.

"माझ्या घरात? तू पण?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

इतकी वर्षं सगळ्या मुलुंडातल्या बायकांनी निवडून, धुऊन, अळीचा मागमूस नसलेली पत्री देवाला वाहिली होती आणि तीच पेडणेकर भिंगाखाली धरत होते. मी हसू दाबायचा प्रयत्न केला. मग पेडणेकरच हसायला लागले, इतके की बशीतला चहा लेंग्यावर सांडला.

त्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दुपारी आमच्या गॅलरीत जी बैठक भरली तशी मी पुन्हा पाहिली नाही. मधे वर्तमानपत्रावर पत्रीचा ढीग, भोवती आई, नलिनी, वैनी, बँक-पेडणेकरांची मंडळी, आणि ढिगालगत स्टुलावर, गुडघे पसरून, भिंग लावून किडे-पेडणेकर. पाण्याला हात लावायचा नाही, असा हुकूम. चांगली पानं तबकात, वाईट पानं त्यांच्याकडे. घटकाभरात सारा न्यायच उलटा झाला. "माझ्या आघाड्याला बघा किती भोकं!" "हे बघा, हे तर पार चाळणी झालंय." बँक-पेडणेकरांच्या मंडळींनी स्टेशनवरून निवडक, महाग पत्री आणली होती, त्यात एकही किडकं पान निघेना. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. "पुढल्या वर्षी बघून आणीन हो," म्हणाल्या.

आमची पत्री सोमीकडची होती. सोमी डोंगरातल्या पाड्यावरची. सणावाराला टोपली घेऊन दारोदार येई. तिची डोरली आईच्या वाट्याला आली होती. डोरलीच्या पानालाही काटे, त्यामुळे ती निवडायला कुणी राजी नसतं. आई चष्मा नाकावर घेऊन एकेक पान उलटत होती. मधेच थांबली.

"हे बघा हो," ती म्हणाली. पेडणेकरांशी ती टोमणा न मारता बोलली ती बहुधा ज्वारीनंतर पहिल्यांदाच. "ही दोन पानं कुणीतरी शिवलीत."

दोन पानं बारीक रेशमाने एकमेकांना जोडली होती. पेडणेकरांनी वैनींच्या अंबाड्यातली पिन मागितली, टोकाने टाका जरासा सैल केला, आत पाहिलं आणि लगेच पानं होती तशी मिटली.

"आहे," एवढंच म्हणाले.

ती डहाळी काचेखाली गेली. पितृपक्ष सुरू झाला. रोज सकाळी दूध घ्यायला उठलो की मी आधी समोरच्या गॅलरीत डोकावायचो, आणि माझ्या आधी आई डोकावलेली असायची. मग एका सकाळी दार वाजलं. पेडणेकर लेंग्यावर, हातात मलमल बांधलेली कंदिलाची काच. काचेच्या आतल्या बाजूला एक राखाडी कण बसला होता. दोन पंखांवर दोन हळदीचे ठिपके.

"डोरली खाता," पेडणेकर म्हणाले. डोळे पाण्याने भरलेले. "डोरली!"

आईने देवापुढची साखर आणून त्यांच्या हातावर ठेवली. मी म्हटलं, "चला, साहेबांकडे जाऊ!"

पण पेडणेकरांनी मान हलवली. अर्धं काम झालं होतं. खाणं कळलं, गाव कळायचं होतं. मुंबईतली पत्री कुठून कुठून येते. वसईहून येते, कसाऱ्याहून येते. सोमीने ही डोरली कुठे तोडली ते कळल्याशिवाय मुलुंड म्हणता येणार नव्हतं. ती जर लांबच्या टोपल्यांतून विकत घेऊन इथे विकत असेल, तर हळद्या पुन्हा ट्रकात.

सोमी दसऱ्याला आपट्याची पानं आणि झेंडू घेऊन आली. तिने टोपली उतरवायच्या आत पेडणेकर पुढे झाले.

"सोमी, गणपतीला डोरली आणली होतीस, ती खंयची?"

"डोंगरातली."

"डोंगरात कुठली?"

"लांबची. पार पल्याडची. ताजी व्हती ना?"

"तू स्वतः तोडलीस?"

"मंग? पहाटं गेले, पार वर. वाघाच्या वाटंवर." सोमीला वाटलं, माल जितका लांबचा तितका चांगला. पेडणेकर एकेक प्रश्न विचारत होते तशी ती आणखी वर चढत होती. थोड्या वेळात ती डोंगर ओलांडून पलीकडे उतरली असती. पेडणेकरांचं तोंड उतरत चाललं.

नलिनी पुढे आली. तिने सोमीला पाणी दिलं आणि शेजारी बसली. "सोमी, खरं सांग गं. गणपतीत एवढा पाऊस होता. तू वर गेलीस?"

सोमी पाणी पिता पिता थांबली. "वरडनार नाय ना कोनी?"

"नाही गं."

"शेक्रेटरी सायेब वरडतो, मागं गेलं का."

"मागं म्हणजे?"

सोमीने हात लांब करून आमच्याच इमारतीच्या मागच्या बाजूला दाखवलं. "पान्याच्या टाकीच्या मागं. चिखलात डोंगरावर कोन जातंय, बाय?"

पेडणेकरांनी चपला शोधल्या नाहीत, काठी घेतली नाही, अनवाणीच जिना उतरायला लागले. पायऱ्यांशी वाटाघाटही केली नाही. मागे वैनी, नलिनी, टोपली सांभाळत सोमी, आणि सगळ्यांत शेवटी मी, पेडणेकरांच्या चपला हातात घेऊन.

पाण्याच्या टाकीच्या मागे, पडक्या कुंपणाच्या कडेला, कमरेएवढ्या डोरलीची चांगली जाळी माजली होती. जांभळी फुलं, पिवळी फळं, आणि वरच्या शेंड्यांची पानं ठिकठिकाणी शिवलेली. उन्हात एका पानावर एक हळद्या उतरला. थांबला. आणि मग जागच्या जागी त्याने गरकन गिरकी घेतली, पुन्हा घेतली, उलटीकडून घेतली, अंगणात एकट्याच सापडलेल्या पोरीसारखी. पेडणेकर वाकले होते. मी माझे दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून ठेवले.

नंतर जाणकार साहेब स्वतः आले. साधे, हसरे निघाले. टाकीमागे उकिडवे बसून त्यांनी पानं पाहिली, अळ्या पाहिल्या, आमच्याकडे पोहे खाल्ले. जाताना पेडणेकरांना म्हणाले, "लिहितो. मुलुंड." पेडणेकरांनी त्यांच्या कोटाची बाही चिमटीत धरली, चोळून पाहिली आणि म्हणाले, "कापड चांगलं आहे." त्यांना आभार मानता येत नसत.

मिलमधून निवृत्त झाल्यावर पेडणेकर वेंगुर्ल्याला जायला निघाले. भावाचं घर होतं, मागे माडांचं आगर होतं. रडारड वगैरे काही नव्हती, उलट ते उतावीळ होते. "तिथल्या समुद्रावर वेली पसरलेल्या असतात रे, रताळ्याच्या घराण्यातल्या. त्यात कोण राहत असेल, विचार कर." काचा सगळ्या पेंढ्यात बांधून झाल्या. टॅक्सी दारात आली, ट्रंका वर चढल्या, वैनी आत बसल्या. पेडणेकर कुठे दिसेनात.

"असतील कुठे ते ठाऊक आहे," वैनी खिडकीतून म्हणाल्या. "दामलेभावजी, बोलवा त्यांना, नाहीतर बस जाईल."

मी मागे गेलो. टाकीच्या सावलीत, प्रवासाच्या कडक इस्त्रीच्या शर्टात, पेडणेकर डोरलीपुढे उभे होते. हात पुढे धरला होता, बाही मनगटापर्यंत, श्वास रोखलेला. मी तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी बाहीवर हलकेच फुंकर मारली, हात खाली घेतला आणि माझ्याकडे न बघता टॅक्सीकडे चालू लागले.

टॅक्सी वळणाआड गेली. आम्ही वर आलो. समोरच्या दाराला कुलूप होतं. मी खुर्चीत बसलो आणि जरा जड आवाजात म्हणालो, "आता त्या झाडाकडे कोण बघणार?"

नलिनी कपाटातून गणपतीचं तबक काढून पुसत होती, चतुर्थी जवळ आली होती.

"बघायचंय काय त्यात?" ती म्हणाली. "सोमी आली की तिला दम देऊन ठेवते. यंदा डोरली डोंगरावरूनच आणायची म्हणावं. मागच्याला हात लावायचा नाही."